यांचं मशीन

आमच्या यांना माणसंसुद्धा मिलिमीटरमध्ये दिसतात. लेकीने स्वतःच पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी येऊन गेला, तेव्हा दार लावता लावता मी विचारलं, "कसा वाटला?" हे म्हणाले, "सतराशे चाळीस. फार तर पंचेचाळीस." तो मुलगा पुन्हा काही आला नाही, पण त्यात मिलिमीटरचा दोष नव्हता. भिंतीवर साधं घड्याळ टांगायचं तर यांना अर्धा दिवस लागतो. वाण्याच्या चिठ्ठीवर 'साखर' हा शब्दसुद्धा असा कोरून लिहितात की वाण्याने त्यावरून साखर बनवून द्यावी. मी कधी तापाने आडवी झाले की मनात येतं, आता हे कागद घेऊन येणार आणि माझी एक समोरून, एक बाजूने, एक वरून अशी आकृती काढणार.

थट्टा करते, कारण थट्टा नाही केली तर दुसरंच काहीतरी तोंडातून निघेल.

धंद्याने हे ड्राफ्ट्समन. जी वस्तू अजून जगात नाही, तिच्या आकृत्या कागदावर काढून द्यायच्या. त्या तीन बाजूंच्या आकृत्या एकत्र वाचता आल्या की कारखान्यातला माणूस लोखंड कापायला घेतो. इतक्या वर्षांच्या संसारात मला ते वाचणं जमलं नाही. मला तीन वेगवेगळ्या वस्तू दिसतात. यांना एकच दिसते, आणि तीही फिरताना दिसते.

यांना आमच्या घरी आणलं ते माझ्या दादानेच. बाटल्या धुणारी आणि भरणारी मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात दादा डिझाइनचा मुख्य होता आणि हे त्याच्या हाताखाली. "मुलगा अबोल आहे, पण त्याचं काम बघ," असं तो आईला म्हणाला होता. बहिणीचं लग्न नकाशे बघून ठरवणारा भाऊ माझ्याच नशिबी. खोटं कशाला बोलू, मलाही हे आवडले होते. आणि दादा तर काय, वडील लवकर गेल्यावर माझं सगळं त्यानेच केलं. सायकल शिकवली, गणितात नापास झाले तेव्हा आईसमोर माझी बाजू घेतली, "नापास झाली म्हणजे काय, पुढच्या वर्षी तिला सगळं आधीच येत असेल," असं म्हणाला. लग्नानंतरही दोन घरांत इतकं जाणं-येणं होतं की माझी छत्री कुठल्या घरी आहे हे मला कधी सांगता यायचं नाही.

लेक रांगायला लागली त्या सुमारास यांनी मशीन काढायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःच्या डोक्यातून. बाटल्यांना झाकणं लावणारं मशीन. चार खांबांची चौकट, तिच्या मधोमध कोपरात वाकलेला एक लोखंडी हात. हाताने एका बाजूच्या थाळीतून झाकण उचलायचं, गर्रकन फिरून बाटलीवर बसवायचं, पिरगाळायचं आणि परत यायचं. तोवर हे काम ओळीने बसलेल्या बायका करायच्या. संध्याकाळी हे आले की जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला जायचा आणि आम्ही जमिनीवर जेवायचो. मी तक्रार केली नाही. यांना इतकं खुशीत मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हे चक्क गुणगुणायचे, आणि यांच्या गळ्यात सूर नाही हे मला तेव्हा कळलं.

मशीन पुरं झालं आणि यांनी ते दादाकडे दिलं. काही दिवसांनी कागद परत आला. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'नाही' असा एकच शब्द आणि त्याखाली दादाची सही. हे विचारायला गेले, तर दादा घाईत जिना उतरत होता. "नाही चालणार ते," एवढं म्हणाला आणि गेला.

यांनी नोकरी सोडली. घरी येऊन मला म्हणाले, "तुझ्या भावाला माझं वर येणं बघवत नाही. या घरात त्याचं नाव निघायचं नाही."

मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. शेवटी म्हटलं, "मी जाणार. भाऊ आहे माझा."

"जा," हे म्हणाले. "पण मग तिथेच राहा."

बोलका माणूस दिवसात असं दहा वेळा म्हणतो आणि विसरतो. अबोल माणूस म्हणाला की ते खरं धरावं लागतं. मी धरलं. दादा एकदा आला होता. हे दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मी आत स्वयंपाकघरात हात ओले करून उभी होते, आणि बाहेर आले नाही. तो परत गेला, आणि नंतर त्यानेही नाद सोडला. पुढे आई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी एकटी गेले, परक्यासारखी भिंतीशी बसले आणि त्याच दिवशी परतले. कोणी मला काही विचारलं नाही. मला वाटलं, मी का येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, विचारायचं काय.

यांना मग बरी नोकरी मिळालीच नाही. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत एक माणूस नकाशे काढून देण्याचं काम घ्यायचा, तिथे हे लागले आणि तिथेच म्हातारे झाले. दुसऱ्यांची मशीनं, दुसऱ्यांचे नकाशे, फाटले की पुन्हा काढायचे. अंगाला रबराचा वास यायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा हे तो शिकले, पण नाराजीने. "कागदच आहे, फक्त काचेमागचा," म्हणायचे. स्वतःचं म्हणून यांनी पुन्हा काही काढलं नाही. मी एकदा म्हटलं, "दुसरं एखादं काढा की." तर म्हणाले, "पहिल्याचा निकाल लागू दे." निकाल कोण लावणार होतं, देव जाणे.

मशीनची गुंडाळी मात्र जपली. घर बदललं की टेम्पोत सगळं सामान गेलं तरी ती यांच्या मांडीवर. पाहुणे आले की चहानंतर ती निघायची. पाहुणा बिचारा माना डोलवायचा, घड्याळाकडे बघायचा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचंच, "हे तेव्हा बनलं असतं तर आज आम्ही कुठच्या कुठे असतो." आमच्याकडे पुढे पुढे पाहुणे कमी झाले, त्याचं कारण माझा चहा नव्हता.

आणि मी? मी ते वाक्य मनातल्या मनात पाठ करून बसले होते. कारण ते खरं असेल तरच माझं माहेर कशासाठी गेलं याला उत्तर होतं. मशीन चालणारं असेल, तर दादाने अन्याय केला, हे दुखावले, मी नवऱ्याच्या बाजूने उभी राहिले. दुखेल, पण हिशेब लागतो. मशीन चालणारं नसेल तर? तो विचार मी आला तसा बाहेर घालवायची.

आमची लेक वडिलांच्याच वळणावर गेली, फक्त एक पायरी पुढे. जुन्या कारखान्यांचे पिवळे पडलेले नकाशे तिच्याकडे येतात आणि ती कॉम्प्युटरवर त्यांची थ्री-डी मॉडेलं करते. "कागद उभे करते," असं ती म्हणते. मी पाठीमागून पाहिलं आहे. सपाट चौकोन असतो, तिने त्याला जाडी दिली की तो ठोकळा होतो, भोक पाडलं की पडतं, आणि मग माऊस फिरवला की सगळं वरून, खालून, पाठीमागून बघता येतं. तीन आकृत्या वाचता न येणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही कळतं. मला ते बघून रागच आला. हे आधी असतं तर मी यांच्याशी निदान बोलू शकले असते.

हे घरी बसायला लागल्यावर एका दुपारी तिच्या खोलीच्या दारात गुंडाळी घेऊन उभे राहिले. "तुझं काम संपलं की माझं एक करशील?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मलाही निकाल हवा होता.

मग रोज संध्याकाळी बापलेक त्या खोलीत. कागद इतका जुना की ठिकठिकाणचे आकडे पुसले होते. लेक विचारायची, "बाबा, इथे काय आहे?" आणि हे कागदाकडे न बघता आकडा सांगायचे. खांब उभे राहिले, थाळी आली, एकेक बोल्ट आला. हे मधेच स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायचे, "अगं, ये. चौकट बघ." मी हात पुसत जायची. स्क्रीनवर ती करडी चौकट अधांतरी उभी असायची आणि हे तिच्याकडे असं बघायचे, जसं लेक झाली तेव्हाही बघितलं नव्हतं. एकदा चौकट बघून परत येताना मी यांना गुणगुणताना ऐकलं. सूर अजूनही नव्हता.

शेवटी फक्त हात जोडायचा राहिला. त्या दिवशी हे चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते. लेक स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तो हात फिरत नाही."

"म्हणजे?"

"अर्धा फिरतो. मग कोपर मागच्या खांबाला धडकतं."

मी गॅस बंद केला. "तू काही चुकली असशील."

"मी पुन्हा पुन्हा पाहिलं. चूक कागदातच आहे." तिने एक चमचा ओट्यावर तिरका ठेवला. "नकाशात तिरकी वस्तू तिरकी दाखवली तर आखूड दिसते, वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. म्हणून अशी पद्धतच आहे, की कापून दाखवलेल्या आकृतीत, सेक्शनमध्ये, ती सरळ फिरवून काढायची." तिने चमचा सरळ केला. "सगळे काढतात. बाबांनीही तसाच काढला. पण मग खांब कुठे ठेवायचा ते त्यांनी त्या सरळ केलेल्या हातावरून मोजलं. कागदावर हात आणि खांब यांच्यात जागा दिसते. खरी जागा नाहीच."

"मग खांब सरकव."

"सरकवला तर बाटल्यांची रांग अडते. हात आखूड केला तर झाकणापर्यंत पोचत नाही. मी सगळं करून पाहिलं, आई. हे असं चालणारच नाही."

'नाही चालणार ते.' दादाचा आवाज माझ्या कानात जसाच्या तसा आला. मी पाटावर बसले. इतकी वर्षं मी ज्या माणसाला मनात दोषी धरलं, तो नुसतं खरं बोलला होता.

"त्यांना नको सांगूस," मी म्हटलं. "दिसायला फिरेल असं काही होत नाही का?"

लेकीने ओट्यावरचा चमचा उचलून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "होतं. धडक मोजू नकोस असं कॉम्प्युटरला सांगितलं की लोखंडातून लोखंड जातं. समोरून दाखवलं तर कळणार नाही."

"मग समोरूनच दाखव."

यांनी नवा शर्ट घातला होता. लेकीने बटण दाबलं आणि हात फिरला. थाळीतून झाकण उचललं, बाटलीवर बसवलं, परत गेला. पुन्हा उचललं, पुन्हा बसवलं. हे खुर्चीच्या कडेवर बसून बघत होते. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही यांना सुचत नव्हतं. "बघ," मला म्हणाले. "बघ, मी सांगत होतो." मी म्हटलं, "हो, सांगत होतात." त्या एका तासात मी पूर्ण सुखी होते. खोटं आहे हे माहीत असूनही होते.

मग यांनी माऊस मागितला. लेक म्हणाली, "बाबा, उद्या बघू, आता कॉम्प्युटर तापलाय." पण टायरच्या दुकानावर जन्म गेला तरी माणूस ड्राफ्ट्समन होता. समोरून पाहिलं की बाजूने बघणार, बाजूने पाहिलं की वरून. यांनी मशीन वरून केलं. हात आला, मागच्या खांबात शिरला आणि पलीकडून बाहेर पडला, पाण्यातून चमचा जावा तसा. यांनी ते तीन-चार वेळा होऊ दिलं.

"सरळ करून काढला होता मी," हे हळू म्हणाले. लेकीला की स्वतःला, कळलं नाही. "आणि त्यावरूनच मोजत गेलो."

लेक रडायला लागली. यांनी माऊस बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. उठले, हातपाय धुतले, आणि दोन दिवस फक्त हो-नाही एवढंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "दादांनी एका नजरेत ओळखलं होतं. मी जाऊन सांगतो त्यांना. तूही चल."

या वाक्यासाठी मी किती वर्षं कान टवकारून बसले होते. आलं तेव्हा माझे गुडघे दुखत होते, केस पांढरे झाले होते आणि आई नव्हती. तरी मी साडी तीनदा बदलली.

फोन मीच केला. वहिनीने उचलला. "या ना," म्हणाली. गॅस दुरुस्त करायला येणाऱ्याला म्हणतात तसं.

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. मला बघून उठायला गेला, उठता आलं नाही. "वाळलीस," म्हणाला. मी ठरवून गेलेलं सगळं विसरले आणि नुसता त्याचा हात धरला. यांना तेवढाही दम धरवला नाही. टीपॉयवरचे कप बाजूला सारले आणि कागद पसरला.

"दादा, तुमचं बरोबर होतं. हात मागच्या खांबाला धडकतो. मी तुमच्याबद्दल नाही नाही ते बोललो."

दादाने चष्मा लावला. कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. "हे काय आहे?"

"माझं मशीन. झाकणांचं. तुम्ही 'नाही' लिहिलं होतं. ही तुमची सही."

दादा मशीनपेक्षा सहीच जास्त वेळ बघत राहिला. "सही माझीच आहे," तो म्हणाला. "पण फुकटचं श्रेय कशाला घेऊ? मला हे पाहिल्याचं आठवतच नाही. मधे एक-दोन वर्षं वरून सांगणं होतं, नवीन काही घ्यायचं नाही. जे येईल त्यावर 'नाही' लिहून परत. उघडून कोण बघत होतं?"

"उघडलंच नाही?"

"नसेल उघडलं."

"जिन्यात म्हणालात, नाही चालणार."

"म्हणालो असेन. सगळ्यांना तेच म्हणायचो तेव्हा."

यांनी कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून त्यावर तळहात दाबून धरला होता. "मग आता बघा," हे म्हणाले. "इथे. हा सेक्शन. हात सरळ करून काढलाय, त्यामुळे दिसत नाही. पण तुम्हाला दिसेल." आवाज असा होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. चूक म्हणून तरी कोणी बघावं, एवढीच मागणी राहिली होती.

दादा शिष्टाचार म्हणून वाकला. "छान आहे हो. फार सुबक." आणि चष्मा काढून ठेवला. मग माझ्याकडे वळला. "म्हणजे तू या मशीनवरून यायची थांबलीस?"

"मग दुसरं काय?"

दादा आणि वहिनीने एकमेकांकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "आम्ही समजत होतो, बांगड्यांवरून."

"कुठल्या बांगड्या?"

"आईंच्या. त्याच वर्षी त्या आजारी होत्या, मी केलं त्यांचं, म्हणून त्यांनी मला दिल्या. आणि लगेच तुमचं येणं बंद झालं. आई शेवटपर्यंत म्हणायच्या, सोन्यापायी लेक तुटली, माझंच चुकलं."

"मला माहीतसुद्धा नव्हतं," मी म्हटलं. "वहिनी, आज पहिल्यांदा ऐकते आहे."

वहिनीने मान हलवली, समजूतदारपणे, खोटं बोलणाऱ्या पोरासमोर हलवतात तशी. मग तिने हातातल्या बांगड्या काढल्या. मनगट वाळलं होतं, त्या सहज निघाल्या. माझ्यापुढे त्या कागदावर ठेवल्या. "घ्या, वन्सं. आता तरी घ्या."

"नकोत," मी म्हटलं. "खरंच नकोत."

"बघा," वहिनी दादाला हळूच म्हणाली. "अजून राग गेलेला नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. एक शब्द यांनी बोलायला हवा होता, की ही निर्दोष आहे, हिला मीच अडवलं होतं. एवढ्याने मला पुरलं असतं. हे वाकून बांगड्या एकेक करून बाजूला ठेवत होते, खालचा सेक्शन नीट दिसावा म्हणून.